सव्वादोनचं माप

गुळाच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका गावात नेमाजी नावाचा कासार राहत होता. गावातल्या प्रत्येक बाईला त्यानेच बांगड्या भरल्या होत्या. कोणाचा हात केवढा, हे त्याला न मोजता कळे. हेच त्याचं दुःख होतं.

त्या गावात लहान हात म्हणजे सुंदर हात, अशी समजूत होती. येणारी प्रत्येक बाई सव्वादोनचं माप मागायची. हात असायचा अडीचचा. "मोठं माप घ्या," म्हटलं की राग यायचा. मग साबण लावा, हात दाबा. बांगडी फुटायची, काच लागायची आणि वर ऐकून घ्यायचं, "आण्णा, तुमचा मालच हलका."

"घरात पोतंभर अडीचच्या बांगड्या पडल्यात," तो बायकोला म्हणाला, "आणि गावात अडीचचा एकही हात नाही."

चार वर्षं त्याने खरं माप सांगितलं. पाचव्या वर्षी तो कंटाळला. एका दुपारी त्याने अडीचच्या सगळ्या बांगड्यांना सव्वादोनच्या चिठ्ठ्या बांधल्या.

बायकोने विचारलं, "या बायकांनी हेच माप दुसरीकडे सांगितलं तर?"

"तिथला माणूस बघून घेईल," नेमाजी म्हणाला.

त्या दिवसापासून साबण लागेना, काच फुटेना. बायका खूश होत्या आणि नेमाजी निवांत.

गावातल्या चंद्राक्काच्या मुलाचं लग्न ठरलं. आईने दिलेली सोन्याच्या पुतळ्यांची माळ मोडून तिने स्वतःसाठी पाटल्या करायला टाकल्या. केरबा सोनार म्हणाला, "आक्का, हात बघू."

"हात काय बघायचाय? सव्वादोन. नेमाआण्णांना विचारा."

केरबाने तिच्या शब्दावर पाटल्या घडवल्या. त्या अंगठ्याच्या हाडापाशी अडकल्या आणि पुढे जाईनात. चंद्राक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. आईची माळ गेली होती आणि लग्न आठ दिवसांवर होतं. ती केरबाला घेऊन तडक नेमाजीच्या दुकानात आली. बाजाराचा दिवस होता. दुकान बायकांनी भरलेलं होतं.

"याने माप आखडून माझं सोनं मारलं," ती म्हणाली. "आण्णा, सांगा सगळ्यांना माझं माप काय ते."

केरबा तिच्याशी भांडला नाही. तो नेमाजीला म्हणाला, "सांग बाबा. आज चोर ठरलो, तर उद्या कोणी मणी ओवायलासुद्धा देणार नाही."

नेमाजीने दुकानातल्या बायकांकडे पाहिलं. "सव्वादोन" एवढा एक शब्द बोलला असता, तर दुकान तसंच चालू राहिलं असतं. त्याने खुंटीवरच्या मापाच्या पितळी कड्या काढल्या. सव्वादोनची कडी चंद्राक्काच्या हातात घातली. पाटल्या अडकल्या तिथेच ती अडकली. मग अडीचची घातली. ती सहज गेली.

"केरबाने सांगितल्या मापाच्याच पाटल्या केल्या," तो म्हणाला. "माप खोटं होतं. चिठ्ठ्या मी बदलल्या."

दुकानात जी ती आपल्या मनगटाकडे बघत होती.

"आण्णा, खरं सांगायला काय झालं होतं?" चंद्राक्काने विचारलं.

"चार वर्षं सांगत होतो, आक्का. तुम्हाला ते आवडत नव्हतं. मग मी कंटाळलो. आणि मार खायला केरबा."

केरबाने पाटल्या उचलल्या. "पुन्हा आटवून देतो. लग्नाआधी होतील," तो म्हणाला. "पण आधी हात पुढे करा."

चंद्राक्काने मुकाट्याने हात पुढे केला.

तात्पर्य: खरं सांगून कंटाळा आला, तरी लोकांना आवडेल ते खोटं सांगू नये. सांगणारा सुटतो, ऐकणारा सुखावतो आणि चोर ठरायची वेळ तिसऱ्याच माणसावर येते.