वसतिगृहातला उकाडा

अकोल्याच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात एप्रिलात भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसायचा. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून मुलांनी गुणवंत तायडेला प्राचार्यांकडे कूलर मागायला धाडलं. दोनदा नापास झालेल्याला आता भीती ती कसली?

एसीच्या गारव्यात बसलेले प्राचार्य म्हणाले, "अरे, सोनं तापल्याशिवाय उजळत नाही!"

"खरंय सर," गुणवंत घाम पुसत म्हणाला, "पण माझे निकाल पाहा. मी सोनं नाही, बटाटा आहे. आणि बटाटा फार उकडला की त्याचा नुसता लगदा होतो."

प्राचार्यांना हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत खोलीखोलीत कूलर लागले. गुणवंत पुस्तक घेऊन कूलरपुढे बसला आणि पहिल्याच पानावर घोरू लागला.