सत्तावीस ओळींचा तक्ता

“पण सर, बंद पडला तर ओरडायचं कोणावर?”

लग्नानंतर आशीर्वाद घ्यायला आम्ही विट्याला, आदिनाथच्या तांबोळी सरांकडे गेलो होतो. पाया पडून उठता उठता त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी अजून वाकलेलीच होते.

प्रश्न त्याच्या रक्तपेढीचा होता. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे सांगणारा सर्व्हर बदलायचा होता. एक मोठ्या कंपनीचा, महाग. दुसरा ओपन सोर्स, म्हणजे आतलं सगळं कोणालाही उघडून वाचता येईल असा, निम्म्याहून स्वस्त. उद्या समितीपुढे शिफारस आदिनाथने करायची होती.

त्याने तक्ता पुढे केला. सत्तावीस ओळी, प्रत्येकीला गुण. कंपनी एक्क्याऐंशी, ओपन सोर्स एकोणऐंशी.

स्थळंही त्याने अशीच पाहिली होती म्हणे. मला किती पडले, ते मी विचारलेलं नाही.

सरांनी तक्ता सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

“यात तू कुठे आहेस?”

“मी?”

“कंपनीचा बंद पडला. दारात रक्त मागायला माणूस उभा. काय सांगशील त्याला?”

“कंपनीला कळवलंय… त्यांचा माणूस निघालाय.”

“आणि दुसरा बंद पडला तर?”

“तिथे कळवायला कोणी नाहीच ना, सर. तीच तर अडचण.”

“त्याचं आतलं सगळं वाचता येतं म्हणतात.”

“येतं की.”

“किती वाचलंस?”

आदिनाथ कॉलेजात पहिला आला होता. सासरी हे मला दिवसातून दोनदा सांगतात.

सर उठले. कोपऱ्यात एक जुनं मशीन चालू होतं. तालुक्यातल्या वाचनालयांची पुस्तकं त्यावर नोंदलेली. तेही ओपन सोर्सच. सरांनी त्याची वायर खेचून काढली. घरघर थांबली.

“चालू कर.”

आदिनाथने वायर लावली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच अडली.

“सर, काहीतरी विचारतंय.”

“मग वाच. मोठ्याने वाच, सूनबाईंनाही कळू दे.”

तो ओळीखाली बोट धरून वाचू लागला, पहिलीतल्या मुलासारखा. दोनदा चुकला. सर हात मागे बांधून उभे होते, जणू आजची सगळी दुपार त्यांनी या चुकांसाठीच मोकळी ठेवली होती. मला शिकवायला असं कोणी असतं तर, असं वाटून गेलं.

बऱ्याच वेळाने पुस्तकांची यादी उमटली. आदिनाथचा चेहरा असा खुलला, की लग्नातल्या एकाही फोटोत तो तसा नाही.

“म्हणजे ओपन सोर्सच घेऊ, सर?”

“असं मी कुठे म्हणालो?”

“मग?…”

सरांनी तक्त्याची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

“दोन्ही मशिनं चाचणीला आली आहेत ना? आज दोन्ही स्वतःच्या हाताने बंद पाड, आणि स्वतःच चालू कर. त्यानंतरही मला विचारावंसं वाटलं, तर कंपनीचा घे.”