वाहत्या पाण्यावर मंत्र का चालत नाही

"...पण का? एवढंच धरून बसलीय ती, बाई. वाहत्या पाण्यावर मंत्र का चालत नाही?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं की! चांगलं तासभर सांगितलं."

नाबरबाईंनी डोळे मिटून घेतले. तासभर म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ती सुमेधला दिसली नाही. त्या संध्याकाळी त्याला स्वतःच्या त्रासाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

सांगलीत बाईंच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी फाशांचा एक खेळ रंगायचा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी योद्धा, कोणी चेटकीण. संकट आलं की फासे टाकायचे आणि जे पडेल ते भोगायचं. इतकी वर्षं गोष्ट बाई सांगायच्या. पुढे त्यांचा घसा बसायला लागला, तेव्हा तो मान त्यांनी सुमेध वाळिंबेला दिला.

सुमेध हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. आल्या आल्या त्याने गोष्टीतल्या जादूचे सगळे नियम लिहून काढले आणि स्पायरल बाइंडिंग करून आणले. कोणी मागितले नव्हते.

मागच्या रविवारी केतकीची चेटकीण होडीत होती. मगर आली. केतकीने मंत्र म्हटला. सुमेधने सांगितलं, वाहत्या पाण्यावर मंत्र चालत नाही. फैजलचा योद्धा मगरीच्या तोंडी गेला. आणि केतकीने विचारलं, का?

"मी म्हटलं, शक्ती जमिनीतून येते. तर म्हणते, मग परवा मी माडीवरून मंत्र कसा टाकला?"

"बरं."

"म्हटलं, माडीच्या भिंती जमिनीत गेलेल्या असतात. तर म्हणते, होडीचा नांगरसुद्धा तळाला टेकलाय!"

बाईंना हसू आलं.

"हसू नका ना, बाई! मग मी म्हटलं, लोखंडातून शक्ती जात नाही. तर फैजल मध्येच उठला. म्हणे, माझ्या तलवारीवर केतकीने मंत्र घातला होता, ती काय लाकडाची होती?"

"मग?"

"मग काय... रात्री अकरापर्यंत वकिली. मगर राहिली बाजूलाच."

खरी गोष्ट त्याने अजून सांगितलीच नव्हती, आणि ती सांगताना त्याचा आवाज खाली आला.

"केतकी म्हणालीय, आज परत असं झालं तर ती यायची बंद. ती गेली की फैजल जाणार. मग मी कोणाला गोष्ट सांगू? तुमचं टेबल माझ्या हातून मोडणार, बाई."



सुमेधने पिशवीतून एक नवी जाड फाइल काढून त्यांच्यापुढे ठेवली. "ही पुरवणी. नांगर, पूल, बर्फ, पाऊस, सगळं घेतलंय यात. त्या दोघांना कुठूनही विचारू दे. तुम्ही फक्त नजर टाका, कुठे भोक राहिलंय का."

बाईंनी फाइल उचलली. उघडली मात्र नाही. फाइलनेच त्या पायाशी वारा घालू लागल्या.

"डास फार झालेत रे हल्ली."

"बाई!"

"काय?"

"तुमच्या वेळी कोणी 'का' विचारत नव्हतं का?"

"विचारायचे की."

"मग तुम्ही काय करायचात?"

बाईंनी टेबलावरची ताटली त्याच्याकडे सरकवली.

"सांगा ना!"

"भडंग घे. जयसिंगपूरचं आहे."

आता मात्र सुमेधचं डोकं फिरलं. माणूस बुडायला लागलाय आणि ह्यांना भडंग सुचतंय! त्याने ताटली अशी काही ढकलली की ती टेबलावरून थेट खाली गेली. शेंगदाणे कपाटाखाली, चुरमुरे खोलीभर.

तो ओशाळला. "आवरतो मी," असं पुटपुटत उठला आणि दारामागची केरसुणी घेऊन वाकला.

खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले.

सुमेधचा हात थांबला. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं. मग केरसुणी होती तिथे ठेवून दिली आणि गुडघ्यांवर बसून चुरमुरे हाताने गोळा करायला लागला.

बाईंचा वारा घालणारा हात थांबला.

"का ठेवलीस?"

"काय?"

"केरसुणी."

"तिन्हीसांज झाली ना. आत्ता केर काढत नाहीत."

"का?"

"आई म्हणते, लक्ष्मी जाते."

"तुझा विश्वास आहे?"

"छे हो! आत्या वेगळंच सांगते. अंधारात तिच्या कानातल्या कुडीची फिरकी केराबरोबर गेली होती, म्हणून काढायचा नाही."

"आणखी?"

"मावशी म्हणते, ते सुनांनीच उठवलेलं आहे. तेवढीच घटकाभर टेकायला सवड." तो टेबलाखाली शिरला होता, त्याचा आवाज तिथूनच येत होता.

"यातलं खरं कुठलं?"

"काय माहीत. कुठलंच नसेल."

"इथे तर ट्यूब आहे. फिरकी पडली तरी दिसेल."

"दिसेल."

"लक्ष्मीही माझी आहे. गेली तर माझी जाईल."

"हो..."

"मग घे केरसुणी."

सुमेध टेबलाखालून बाहेर आला. केसांत एक चुरमुरा होता. त्याने दाराकडे पाहिलं, केरसुणीकडे पाहिलं. हात काही पुढे गेला नाही.

"नको," तो म्हणाला. "असू दे. बरं नाही वाटत."

"आईशी भांडलास कधी ह्यावरून?"

"ह्यावरून? भांडण्यासारखं काय आहे त्यात?"

बाईंनी फाइल त्याच्याकडे सरकवली. तशीच, बंद.

खाली केतकीची स्कूटर थांबली. मागोमाग फैजलचा आवाज आला, आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली. सुमेधच्या दोन्ही मुठींत भडंग होतं. ते कुठे ठेवावं हेही त्याला सुचेना.

"बाई, आली ती! पहिल्यांदा तेच विचारणार. काय सांगू?"

"तू कशाला सांगतोस? होडी कोण वल्हवत होतं?"

"कुठली होडी?"

"तुझी. मगरीची."

"नावाडी होता एक. असाच. त्याला काही बोलायचंच नव्हतं, बाई, त्याचा इथे काय संबंध..."

दारावरची बेल वाजली.

बाई उठल्या. दाराकडे जाता जाता त्यांनी त्याच्या केसांतला चुरमुरा काढला.

"त्याला आई नव्हती का रे, असलं काही सांगणारी?"