भिकोबाची आरती

"पण यात माझी काय चूक, अक्का?"

श्रीपादने पुन्हा तेच विचारलं. अक्का वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कॉम्प्युटरचं अपडेट आलं होतं, ते मी टाकलं. न टाकून कसं चालेल? मी काय वाईट केलं?"

"मी कुठे म्हटलं वाईट केलंस?"

"मग बोला ना काहीतरी..."

अक्कांनी दुसरी वात घेतली.

टेकडीवरच्या त्या मठात माणसं दोनच. एक अक्का, वयाने थकलेल्या आणि गुडघ्यांनी त्याहून थकलेल्या. दुसरा हा श्रीपाद, शहरातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून शिष्य व्हायला आलेला. नोकरी सुटली, पण नोकरीतला ताठा काही सुटला नव्हता.

आणि एक होता भिकोबा, अक्कांचा गुरुबंधू. जन्मभर मठाच्या चुलीशी राबला. अंथरुणाला खिळला तेव्हा भाची कुंदाने त्याला इचलकरंजीला आपल्या घरी नेलं.

जाताना म्हातारा म्हणाला होता, "आरती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी घास घेत नाही, अक्का. आता तिकडे कसं व्हायचं?"

टेकडीवर मोबाइलला रेंज नाही. म्हणून खालून वायर ओढून इंटरनेट आणलं, राउटर बसवला. रोज दिवेलागणीला कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल लागायचा. इकडे अक्कांची आरती, तिकडे खाटेवर हात जोडलेला भिकोबा. आरती झाली की कुंदा त्याला पेज भरवायची.

बरं चाललं होतं हो! पण चालत्या गाड्याला खीळ घातल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

श्रीपादने एका सकाळी अपडेट टाकलं. संध्याकाळी कॉम्प्युटर सांगू लागला, वायफाय जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

"माझ्या फोनवर वायफाय चालतंय की," अक्का म्हणाल्या. "त्याच्यावरून लाव."

"त्या एवढ्याशा फोनवर काय दिसणार त्यांना? थांबा, आत्ता करतो."

त्याचं 'आत्ता' होईपर्यंत आरती होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने शोध लावला, की दोष राउटरचा आहे. आपण हात लावलेल्या कॉम्प्युटरमध्ये दोष असेलच कसा? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! राउटरच्या पाठीमागच्या भोकात टाचणी खुपसून त्याने तो पार कोरा केला. इंटरनेटवाल्यांनी त्यात भरून ठेवलेली माहितीही गेली, आणि तोवर धडपणे चाललेला अक्कांचा फोनसुद्धा मुका झाला.

आता इंटरनेटवाल्यांना बोलवायचं तर खाली फाट्यावर जायला हवं. तिथे रेंज येते.

तो चपला घालत होता तेव्हा अक्का दाराशी आल्या.

"भिकूलाही फोन कर. म्हणावं, काही दिवस आरती दिसायची नाही. जेवून घे, माझी शपथ आहे. एवढं सांगितलंस की तो ऐकेल."

"हो."

श्रीपाद फाट्यावर गेला. इंटरनेटवाल्यांना फोन केला, त्यांच्यावर चार शब्द डाफरलाही. मग कुंदाचा नंबर काढला आणि बघत उभा राहिला. काय सांगायचं? माझ्या हातून बिघडलं? एवढा शिकलेला, आणि एक कॉल लावता येईना? सुरू झालं की सांगू, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

वर आल्यावर अक्कांनी विचारलं, "सांगितलंस?"

त्याने मान डोलावली.

"काय म्हणाला?"

"बरं म्हणाले."

अक्का हसल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

इंटरनेटवाल्यांचा माणूस यायला वेळ लागला. अखेर आज दुपारी तो येऊन राउटर नीट करून गेला. कॉम्प्युटर मात्र अजून रुसलेलाच. श्रीपाद त्याच्या सेटिंगमध्ये शिरला, आणि त्याला दिसलं, की अपडेटने प्रॉक्सी नावाचं, इंटरनेट भलत्याच वाटेने वळवणारं एक बटण आपोआप चालू करून ठेवलं होतं. त्याने ते बंद केलं. झालं! एवढंसं दुखणं होतं.

"अक्का, सापडलं! अपडेटचीच चूक निघाली!"

मग त्याने अक्कांचा फोनही वायफायला जोडला, आणि तो थरथरला. मग थरथरतच राहिला. अडकून पडलेले कुंदाचे सगळे निरोप एकदम येत होते.

"वाच रे," अक्का म्हणाल्या. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे.

श्रीपाद वाचू लागला. "अक्का, आजही आरती दिसली नाही. मामा थांबलेत..."

"पुढे?"

"मामा पेज घेत नाहीत. म्हणतात, काही अडलं असेल, अक्कांचा निरोप येईल..."

अक्कांनी श्रीपादकडे पाहिलं.

"पुढे वाच."

"काही निरोप आहे का, अक्का? तुमचं ऐकतील ते..."

"पुढे."

त्याने बोटाने पुढचा निरोप वर ओढला.

"श्रीपाद, पुढे."

"मामा गेले."

अक्का रडल्या नाहीत. कापूस घेऊन वाती वळू लागल्या, आणि श्रीपाद समोर बसून चूक कोणाची ते सांगत राहिला. त्याचं त्यालाच ते ऐकवत नव्हतं, पण थांबायची भीती वाटत होती.

दिवेलागण झाली. अक्कांनी निरांजन लावलं.

"फोन लाव."

"कुणाला, अक्का?"

"रोज कुणाला लावतोस?"

श्रीपादने कॉम्प्युटरवरून कॉल लावला. तो लगेच लागला. कुंदाचे डोळे सुजलेले होते. अक्कांना पाहून तिला हुंदका आला, आणि काही न बोलता तिने फोन आतल्या खोलीकडे वळवला.

खाट उचलून भिंतीला लावली होती. खाटेच्या जागी जमिनीवर एक पणती जळत होती. इतकं स्वच्छ चित्र याआधी कधीच आलं नव्हतं.

अक्कांनी निरांजन श्रीपादच्या हातात दिलं.

ज्योत हलली.

"अक्का, मी सांगितलंच नव्हतं त्यांना... माझं चुकलं, अक्का..."

अक्का पडद्यावरच्या पणतीकडे बघत होत्या.

"मला काय सांगतोस? त्याला सांग. आता आवाज पोचतो ना तिकडे?"