शिमोनने उतरवलेलं दार

फोटो मागाहून काढा. आधी आमच्या चर्चच्या या चौकटीला हात लावून बघा. बिजागऱ्यांची भोकं आहेत, पण दार नाही. गेल्या साली कुणा भल्या माणसानं नक्षीचं सागवानी दार पाठवलं होतं. टेम्पो तसाच माघारी लावला. पैसे नाहीत म्हणून दार नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. अहो, दार होतं. चांगलं जाडजूड होतं, आतून लोखंडी कडी होती, आणि त्या कडीनंच घात केला.

फार मागची गोष्ट. तेव्हा शिमोन नावाचा माणूस मंडळीचा पंच होता. वस्तीतली एकुलती एक बैलगाडी त्याची. प्रार्थना सुरू झाली की कडी घालायची, मग ना कुणी आत, ना कुणी बाहेर, हा नियमही त्याचाच. प्रार्थना मोडली की देवाचा अपमान होतो, असं तो म्हणायचा. आणि त्याची प्रार्थना लांबलचक. ऐकणाऱ्यांचे गुडघे भरून यायचे म्हणे.

राहीबाई वस्तीची सुईण. नवरा गेलेला, एक लेक, सालोमी. एका रविवारी ज्वारीच्या रानात सालोमीला साप चावला. राहीबाई तिला खांद्यावर टाकून धावत इथवर आली. मिशनचा दवाखाना दोन कोसांवर आणि शिमोनची गाडी इथंच लिंबाखाली उभी. तिनं दार ठोठावलं. आत शिमोनची प्रार्थना चालू होती. शिमोननं ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. पण कडी काढायला कुणी उठलं नाही. आमेन झाल्यावर दार उघडलं, तेव्हा पोर या पायरीवर आईच्या मांडीत गेलेली होती.

त्यानंतर राहीबाई आत आली नाही. दर रविवारी पायरीवर बसायची आणि आत प्रभूच्या प्रार्थनेतली ‘जसे आम्ही आमच्या अपराध्यांस क्षमा करितो’ ही ओळ आली की हातातला धोंडा दाराच्या चौकटीवर हाणायची. एकदाच. आतल्यांचा आवाज तिथं अडखळायचा. पंचांनी धोंडा फेकून दिला, तिनं दुसरा आणला. या चौकटीत खळगा दिसतोय ना, तो तिचा, असं सांगतात.

देवाला मात्र तिनं सोडलं नाही. रोज घरी गुडघे टेकायची, त्या ओळीपर्यंत यायची आणि थांबायची. “पुढचं मला म्हणवत नाही, बापा. मी जशी क्षमा करते तशी तू कर, असं कसं सांगू? मी करतच नाही. तुझ्यासमोर खोटं बोलायची नाही.” अशी तीन वर्षं गेली.

एके दिवशी दुपारी ती अशीच गुडघ्यांवर होती. दार वाजलं.

“राहीबाई, सून अडलीय. पोर आडवं आहे. चल गं माये.”

आवाज शिमोनचा. राहीबाई हलली नाही. मनात म्हणाली, ठोक. ठोक हात सुजेपर्यंत. बंद दार काय असतं ते तुलाही कळू दे. आमेन होईस्तोवर थांब.

मग तिला देवाचाच संताप आला. “हे तू मुद्दाम केलंस,” ती म्हणाली. “मी प्रार्थनेत असतानाच त्याला धाडलंस.” आणि ओळ अर्धी टाकून ती उठली, कडी काढली.

शिमोन पाया पडायला वाकला. ती मागं सरली.

“तुला क्षमा करायला उठले नाही, शिमोनदादा. ती पोरगी अडलीय म्हणून उठले. माझी अडली होती, तेव्हा तू उठला नाहीस.”

दिवस मावळायच्या आत बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. राहीबाईनं हात धुतले, कुणाशी न बोलता घरी आली आणि जिथं सोडली होती तिथून प्रार्थना धरली. ओळ पुरी म्हणून झाली. राग गेला नव्हता, तो मरेपर्यंत होता असं सांगतात. पण ती ओळ आता खोटी वाटली नाही. त्या दिवशी देव आपल्याजवळ चुलीशी येऊन बसला, असं ती पुढं सांगायची म्हणे.

पुढच्याच रविवारी शिमोननं आपल्या हातानं दार उतरवलं. लिंबाखाली नेऊन कुऱ्हाडीनं फोडलं. कुणी अडवलं नाही. मग राहीबाई हातातला धोंडा खाली ठेवून आत आली.

आजही त्या ओळीशी आम्ही थांबतो. सगळे, प्रार्थना चालवणारे पाळकसुद्धा. बाहेरून कुणी हाक मारतंय का, ते आधी ऐकतो. हाक आली तर प्रार्थना अर्धी सोडून उठायचं. उरलेली देव धरून ठेवतो.