उंबराच्या शेंड्यावरची सभा

फार पूर्वी एका वनात गरजवंतांसाठी फळांचा सामायिक साठा असे. तो कोणास द्यावा, हे पंच उंबराच्या शेंड्यावर बसून ठरवीत. मागणाऱ्याने वर यावे, असा दंडक होता.

डबके आटले आणि पिले उपाशी निजू लागली, तेव्हा कासवीण बुंध्याशी गेली. पण चढताना पुनःपुन्हा घसरली.

वानरपंच हसला, "कासवीणबाई, वर आल्याखेरीज ऐकायचे कसे?"

"पंचमहाराज, शेंड्यापर्यंत जो चढतो, तो वाटेतच पोटभर उंबरे खातो. त्याला ददात कसली?"

पंचांनी जमलेल्या याचकांकडे पाहिले. प्रत्येकाचे तोंड उंबराने माखलेले होते!

पंच खाली उतरले. पुढची सभा डबक्याकाठी भरली, आणि तिथे सर्वांआधी कासवीण पिलांसह हजर होती.