बाळनाथ आणि शाळेची आपोआप घंटा

एका गावात एक भोळा शिपाई होता. भोळी माणसं प्रत्येक गावात असतात, पण पिंपळदरीच्या बाळनाथची गोष्टच निराळी. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. हीच तर पंचाईत होती. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं तर निदान वाहून तरी जातं. बाळनाथ सगळं साठवून ठेवायचा आणि नको तिथे ओतायचा.

पिंपळदरीच्या शाळेत घंटा संगणक वाजवायचा. वेळ आधीच ठरवून दिलेली. ती झाली की कर्ण्यातून घणघण सुरू. संगणकाची राखण बाळनाथकडे होती आणि त्यातलं घंटेचं कामही त्याच्याच नावाच्या खात्यावर, त्याचाच पासवर्ड भरून चालायचं. हेडमास्तर आडसूळ सरांनी त्याला बजावलं होतं, "घंटा नीट वाजली तर नोकरी पक्की. नोकरी पक्की झाली तर मुक्ताशी लग्नाला माझी ना नाही."

मुक्ता ही सरांची मुलगी. तिला बाळनाथ आवडायचा. का, ते तिचं तिला ठाऊक.

एकदा सरांच्या सांगण्यावरून बाळनाथने त्या खात्याचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी घंटा वाजलीच नाही. पोरं मैदानात खेळत राहिली, सर घड्याळाकडे बघत राहिले. संगणक शिकवणाऱ्या मोमीनबाई धावत आल्या.

"बाळनाथ, तू पासवर्ड बदललास, पण घंटेच्या कामात जुनाच भरलेला आहे. म्हणून संगणक त्याला ओळख देत नाही. लक्षात ठेव, पासवर्ड बदलला की जुना ज्याच्या ज्याच्याकडे असेल, त्याला त्याला नवा द्यायचा."

"व्हय बाई."

बाई तासाला गेल्या. बाळनाथ विचारात पडला. जुना कुणाकुणाकडे होता? चहावाल्या सदूकडे होता. न्हाव्याकडे होता. आठवीच्या पोरांकडे तर होताच, तो त्यांनीच सुचवला होता. बाळनाथ सगळ्यांना नवा देऊन आला. संगणकाला द्यायचा तेवढा राहिला.

दुपारी आठवीच्या पोरांनी संगणक उघडला आणि मधली सुट्टी लावली. ती काही संपेना.

"अरे बाबा!" मोमीनबाई ओरडल्या. "पासवर्ड असा गावभर वाटतात का? आत्ताच्या आत्ता नवा कर आणि घंटेचं काम पुन्हा लाव. आणि कुणीही विचारू दे, कितीही विचारू दे, पासवर्ड सांगायचा नाही!"

"व्हय बाई."

बाळनाथने नवा पासवर्ड केला. मग तो काम लावायला बसला, तर संगणकानेच पासवर्ड विचारला. बाळनाथ गालात हसला.

"मला खुळा समजतोस व्हय?" असं म्हणून त्याने खोटाच पासवर्ड दिला. संगणकाने परत विचारलं. त्याने दुसरा खोटा दिला. संगणक चिवट, पण बाळनाथ त्याहून चिवट. शेवटी कंटाळून संगणकाने त्याचं खातंच बंद करून टाकलं.

"बाई, लई विचारलं त्यानं," बाळनाथ छाती काढून म्हणाला, "पर म्या दाद दिली न्हाई!"

बाईंनी कपाळाला हात लावला. खातं उघडून दिलं, स्वतः समोर उभं राहून त्याच्याकडून खरा पासवर्ड भरून घेतला. तरी घंटा मुकीच. बाईंनी पुन्हा आत डोकावून पाहिलं.

"पोरांच्या हाती लागू नये म्हणून सरांनी घंटेचा आवाज आज आपल्या फोल्डरमध्ये हलवलाय. तुझ्या नावाच्या कामाला तिथे शिरायची परवानगीच नाही. आता देते. हे बघ बाळनाथ, ज्याचं आत काम आहे त्याला अडवायचं नसतं. परवानगी द्यायची असते."

"व्हय बाई."

बाळनाथ फाटकावर जाऊन बसला. तेवढ्यात पारूबाईच्या शेळ्या आल्या. आत पोरांसाठी खिचडी शिजत होती. शेळ्यांनी पातेल्याकडे पाहिलं. बाळनाथने शेळ्यांकडे पाहिलं. यांचं आत काम आहे, हे त्याला पटलं. त्याने फाटक उघडलं आणि वर "या" म्हणाला.

त्या दिवशी पोरं उपाशी राहिली आणि शेळ्या तृप्त झाल्या. आडसूळ सरांचा पारा चढला. "आता घंटा एकदा जरी चुकली, तर नोकरी नाही आणि मुक्ताही नाही!"

बाळनाथला रडूच फुटलं. मुक्ताने पाण्याचा तांब्या पुढे केला. "रडू नका. बाई सांगतात तसं नीट करा म्हणजे झालं."

अगं पोरी, तसं करतो म्हणूनच तर हा सगळा गोंधळ!

त्या दिवसापासून बाळनाथ संगणकासमोरून उठेचना. डबा तिथेच, डुलकी तिथेच. मोमीनबाईंनी विचारलं, "असा चिकटून का बसलास?"

"म्या खात्यातनं भाईर पडून घरला गेलो की घंटा वाजत न्हाई, बाई."

बाईंनी पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "अरे, काम पुन्हा लावताना तू खात्यात असशील तरच ते चालावं, अशी खूण करून ठेवलीस. ती बदल. नाव तुझं आहे, परवानगी मिळालेली आहे, वेळ ठरलेली आहे. मग माणूस असो नसो, काम आपलं आपण होतं. तू खुशाल घरी जा."

"व्हय बाई."

बाळनाथ खूण बदलून घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधीच घंटा ठणठणीत वाजली. रोज वाजू लागली. सर खूश झाले. नोकरी पक्की झाली, पत्रिका छापल्या, मुहूर्त धरला. शाळेच्या मैदानातच मांडव पडला.

लग्नाच्या दिवशी वाजतगाजत घोडा मांडवात आला. घोड्यावर फेटा होता. फेट्याखाली कुणी नव्हतं.

"नवरदेव कुठाय?" सर ओरडले.

घोडेवाला म्हणाला, "त्यांनी सांगितलं, मी असो नसो, तुम्ही वेळेवर निघा."

सगळ्यांनी मोमीनबाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. भटजी हातात अक्षता घेऊन तसेच उभे. मुहूर्ताची वेळ होत आली. शेवटी मुक्तानेच फोन लावला. मुंडावळ्या सावरत तिने विचारलं, "अहो, आहात कुठं?"

"घरी," बाळनाथ म्हणाला. "पत्रिकेवर नाव माझंच हाय, तुझ्या बाबांची परवानगी हाय, येळ ठरल्याली हाय. लागलं न्हवं लगीन? मग निघ की लवकर. मगापासनं दारात माप भरून तुझी वाट बघतोय!"